उकंड्याचं शेपूट आणि पाटलाचा कासरा

बोरी अरबपासून दीड कोसावरचं गाव. नाव नको सांगायला. तिथली माणसं आजही या गोष्टीवरून भांडतात, आणि भांडायला लागली की जेवण विसरतात. त्या गावात उकंडा मुनेश्वर राहायचा, आणि त्याला शेपूट होतं.

हसू नका. होतं म्हणजे होतं.

उकंडा हे नाव त्याला उकिरड्यावरून मिळालं. त्याची माय रुखमाबाई. तिची आधीची तीन लेकरं पाळण्यातच गेली होती. म्हणून चौथं जन्मल्याबरोबर सुईण तानाबाईनं ते फडक्यात गुंडाळलं, उकिरड्यावर नेऊन ठेवलं, आणि "टाकलेलं लेकरू सापडलं व माय!" असं ओरडत परत उचलून आणलं. टाकाऊ वस्तूकडे मरण वळून बघत नाही, असा त्यामागचा विचार. पोरगं जगलं, म्हणजे विचार बरोबरच म्हणायचा. पण घरी आल्यावर फडकं सोडताना तानाबाईचा हात थांबला. पोराच्या पाठीवर, माकडहाडाच्या चार बोटं वर, काळ्याभोर केसांचा झुपका होता.

"बाप्पा बाप्पा! रुखमे, तुह्या पोटी मारोती आला!"

तानाबाई पोटात गोष्ट ठेवणारी बाई असती तर पुढचं काही घडलंच नसतं. पण तिनं ती बातमी दिवेलागणीच्या आत साऱ्या गावाला वाटली.

आता गंमत अशी, की गावात एक मारोती आधीच होते. मारोतराव पाटील. जन्म हनुमान जयंतीचा, देवळाचे पंच, दर शनिवारी तेल वाहणारे, उभ्या आयुष्यात दोन हजार नारळ फोडले असतील. आणि देवानं शेपूट कोणाला द्यावं? महारपुऱ्यातल्या पोराला, तेही उकिरड्यावरून उचललेल्या! पाटलाला हे फार झोंबलं. देवाला बोलता येत नाही म्हणून त्यांनी बरीच वर्षं तानाबाईशी बोलणं टाकलं.

पण पाटलाचा एक नाजूक कोपरा होता, शंकरपट. माघात गावाबाहेरच्या पडीत बैलजोड्यांची शर्यत लागायची. त्यात पाटलाची मोत्या-चांद्याची पांढरी जोडी पळायची (बैल बदलले तरी नावं तीच), आणि जोडीबरोबर पाटलाचं काळीज पळायचं. उकंडा चौदा-पंधरा वर्षांचा झाला, झुपका वीतभर लांब झाला, तेव्हा पाटलाच्या डोक्यात आलं की मारोती म्हणजे वायुपुत्र, आणि वायुपुत्राचं शेपूट बैलाच्या कासऱ्याला लागलं तर काय होईल!

पण लावायचं कसं? विटाळ होता ना मधे. पाटलानं दोन दिवस विचार करून तोड काढली. शेपूट देवाचं, बाकीचा उकंडा उकंड्याचा. शेपटाला विटाळ नाही. त्यामुळे पटाच्या आदल्या सकाळी उकंड्यानं गोठ्यामागं पाठ करून उभं राहायचं, अंगरखा वर करायचा, आणि पाटलानं चार हातांवरून कासऱ्याचं टोक फेकून तीनदा झुपक्याला लावायचं. नेम चुकून कासरा पाठीला लागला, तर तो विटाळला. मग विहिरीवर नेऊन धुवायचा, आणि पुन्हा एकपासून सुरुवात.

उकंडा पहिल्यापासून मोठा अवलादी. पहिल्या दोन फेकी निमूट झेलायचा आणि तिसऱ्या वेळी कंबर नुसती बोटभर हलवायचा. कासरा पाठीवर. पाटील विहिरीवर. एका वर्षी त्यानं पाटलाला सात वेळा विहिरीवर पाठवलं. पाटील घामाघूम होऊन ओरडले, "अबे नीट उभा राह्य ना!" तर हा म्हणतो, "मी त उभाच हाय मालक. शेपूटच हालून राह्यलं. देवाचं हाय, माह्यं आयकत नाही."

जोडी जिंकली तर मारोतीची कृपा. हरली तर उकंडा नीट उभा राहिला नाही. काही झालं तरी उकंड्याच्या वाट्याचा अर्धा नारळ गोठ्याच्या कुडावर ठेवलेला असायचा, आणि तो रुखमाबाईला फार आवडायचा.

छप्पन साली दसऱ्याला उकंडा, त्याची बायको तुळसाबाई, मेहुणा फकिरा आणि सारा पुरा नागपूरला गेला. दीक्षा घेऊन परत आला. देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले, भिंती चुन्यानं पांढऱ्या केल्या, आणि पुढच्या माघात पाटलाचं बोलावणं आलं तेव्हा उकंडा गोठ्यामागं जाऊन ताठ उभा राहिला. पाटलाकडे तोंड करून.

"जयभीम, पाटील."

आदल्या वर्षापर्यंत तो जोहार करायचा. पाटलानं ऐकू न आल्यासारखं केलं. "हं, फिर. अंगरखा वर कर."

"शेपूट बंद झालं."

"बंद म्हंजे? गळलं का बे?"

"हाय तठीच हाय. पन मी आता मारोतीले मानत नाही. मंग त्याचं शेपूट कसं मानू?"

"अबे, तू नोको मानू! मी मानतो ना! तुले निस्तं उभं राह्याले काय होते?"

"उभं राह्याले काई नाही होत. पन दाखोनार नाही. आता हे शेपूट कोनालेच दिसनार नाही. हा माह्या शब्द हाय."

पाटील कासरा तसाच गुंडाळून परत गेले. त्या वर्षी जोडी हरली. पुढच्याही वर्षी हरली. मोत्याचे पाय आता म्हातारे झालेत हे गावातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं, पण पाटलाला कोण सांगणार?

उकंड्यानं शब्द अगदी काटेकोर पाळला. विहिरीवर अंघोळ करताना बंडी घालूनच करायचा. धोतर असं वर कसायचा की झुपका आत गडप. आणि सत्तावन सालात त्याला बोरी अरबच्या डाकघरात डाक वाटायचं काम मिळालं. सात गावं, रोजचे अकरा-बारा मैल. खाकी पिशवी खांद्यावर पडली आणि माणूस बदलून गेला. ज्या रस्त्यानं बाप पाटलाचे निरोप घेऊन धावायचा, त्याच रस्त्यानं हा सरकारचा माणूस म्हणून छाती काढून चालायचा. चालणं म्हणजे त्याचा जीव. वाटेत कोणी गाडीत बसायला बोलावलं तरी नको म्हणायचा.

पाटलाचं पत्र असलं की ते ओट्यावर ठेवायचं, चार पावलं मागं सरायचं, मग पाटील बाहेर येऊन उचलणार. हातातून हातात नाही. उकंडा पत्र ठेवायचा, आणि कार्ड असलं तर अंगणातूनच मोठ्यानं सांगायचा, "पाटील, घाटंजीचं कार्ड हाय! मावशीचा खोकला बरा हाय, पन जावयाचं लक्षन ठीक नाही!" सारी आळी दारात. पाटलाचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

तर असा सगळा मजेचा कारभार चालला होता, आणि साठ साली उकंड्याची चप्पल हरवायला लागली.

म्हणजे डावी. चालता चालता पायातून निघून जायची आणि याला पत्ताच नाही. फर्लांगभर गेल्यावर खाली पाहायचा तर एक पाय अनवाणी. परत मागं जायचं, शोधायची, घालायची, पुन्हा तेच. सात गावांतल्या बायका हसायच्या. कोणी त्याची चप्पल बाभळीला टांगून ठेवायचं, कोणी पाराच्या दगडावर ठेवून तिला हळद लावायचं. तोही हसायचा. डावा पाय लहानपणापासूनच उजव्यापेक्षा बोटभर छोटा होता, तळव्याला खोलगट, त्यामुळे त्याला वाटलं चप्पलच ढिली असेल.

मग एकदा तुळसाबाईनं त्याच्या तळव्यातून बाभळीचा काटा काढला. चांगला बोटाच्या पेरभर. दोन दिवस तो त्यावरून चालला होता.

"दुखलं नाही?"

"काय दुखलं नाही?"

तुळसाबाई त्याच्याकडे बघतच राहिली. त्या दिवशी तिला पहिल्यांदा भीती वाटली. तिथं जखम झाली, ती भरेना. पाय बारीक व्हायला लागला, ओढायला लागला. वाकून पिशवी उचलली की कमरेतून कळ निघून पायात जायची. आणखीही एक त्रास होता, तो त्यानं कोणालाच सांगितला नाही. धोतर मात्र दिवसातून दोनदा बदलायला लागला.

गावाला निकाल द्यायला किती वेळ लागतो? "मारोतीचा कोप!" देव सोडला, शेपूट झाकलं, घ्या आता. पाटील स्वतः पुऱ्याच्या वेशीपर्यंत आले आणि लांबूनच म्हणाले, "उकंड्या, मी तुह्या वाइटावर नाही. शनवारी देवळाच्या पायरीशी ये, शेपटाले शेंदूर लावू, कासरा लावू. पाय सरळ होते का नाही पाह्य."

खोटं कशाला बोला, पाटलाला खरंच वाईट वाटत होतं. जोडी पाच वर्षं हरत होती, तेही वाटत होतं.

फकिरा, तो तर सख्खा मेहुणा, तोही कुजबुजायला लागला. "भाटवे, मी म्हनत नाही की कोप हाय. पन कोप नाही हे तरी कोनी पाह्यलं?" पुऱ्यातली दोन-तीन घरं नदीकडे बघायला लागली, जिथं टाक सोडले होते. उकंड्याला पायापेक्षा हे जास्त लागलं. आपण लंगडलो तर लंगडलो, पण आपल्या लंगडण्याचा पुरावा करून लोक मागं फिरणार, याची त्याला रडू येईल इतकी चीड आली. आणि रुखमाबाई म्हणाली, "लावून घे ना बापा एक डाव शेंदूर. कोनाले मालूम पडते!"

"मले मालूम पडते ना, माय."

त्यात डाकघरातून नरहररावांनी बोलावलं. पोस्टमास्तर नरहरराव म्हणजे चष्म्यावरून बघणारा, कमी बोलणारा, मनाचा सरळ माणूस. ते म्हणाले, "उकंडा, डाक वेळेत पोचत नाही. वरून विचारणा झाली. दिवाळीपर्यंत मी सांभाळून घेतो, तोवर तुझा मेहुणा पिशवी वागवेल. पण दिवाळीनंतर तुला स्वतः चालावं लागेल. नाही जमलं तर माझा इलाज नाही." मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "यवतमाळच्या दवाखान्यात माझी पुतणी डॉक्टर आहे. रजनी. चिठ्ठी देतो. जा."

याच्याआधी उकंडा दोन ठिकाणी जाऊन आला होता. एकानं चोळायला तेल दिलं. दुसऱ्यानं जखम पाहून, तिला दुखत नाही हे ऐकून, टेबल मागं सरकवलं आणि महारोग असेल म्हणून सांगितलं. या दोघांनीही पाय पाहिला. पाठ कोणी पाहिली नाही, कारण उकंड्यानं दाखवली नाही. शब्द दिला होता ना! शेपूट कोणालाच दिसणार नाही! बरं, त्याच्या मनात दुसरीही धास्ती होती. दाखवलं, आणि डॉक्टरनंच हात जोडले तर?

एकसष्टच्या आषाढात तो आणि तुळसाबाई यवतमाळला गेले. रजनीबाई तिशीच्या, किडकिडीत, आवाज मात्र खणखणीत. चिठ्ठी वाचून म्हणाल्या, "बसा. तुम्ही कधीपासून लंगडता?"

उकंड्यानं मागं वळून पाहिलं. तुम्ही कोण? मग कळलं, आपणच. तो जरा सावरून बसला.

बाईंनी टाचणी घेतली. "डोळे मिटा. टोचलं की सांगा."

उकंड्यानं डोळे मिटले, म्हणजे एक मिटला. दुसऱ्याच्या फटीतून टाचणी दिसली की म्हणायचा, "टोचली." "टोचली." "टोचली." बाई खूश होतील, पाय चांगला आहे म्हणतील, दिवाळीत पिशवी मिळेल. बाईंनी थोडा वेळ चालू दिलं. मग टाचणी खिशात ठेवली आणि नुसतं बोट पुढं केलं.

"टोचली," उकंडा म्हणाला.

बाईंनी टॉवेल घेऊन त्याच्या डोळ्यांना गच्च बांधला. मग खरं काय ते बाहेर आलं. डाव्या पायाला गुडघ्याखाली बाहेरच्या अंगानं काही कळत नव्हतं. अंगावर चट्टा कुठंच नव्हता, शिरा जाड झाल्या नव्हत्या. "महारोग नाही," त्या म्हणाल्या. "आता सदरा काढा. पाठ बघू."

"पाठीले काई नाही झालं बाई. पाय दुखते."

"पाय पाठीतूनच चालतो. काढा."

"पाय खालून चालते, बाई."

"लघवीला काही त्रास?"

"छ्या छ्या! एकदम झकास हाय!"

इतका वेळ दाराशी बसलेली तुळसाबाई आता उठली. ती चार माणसांत नवऱ्यापुढं बोलणारी बाई नव्हती. पण तिच्या डोळ्यांपुढं दोन महिन्यांतली धुतलेली धोतरं उभी राहिली.

"कायले खोटं बोलता जी तुमी?" ती कडाडली. "बाई, यांचं धोतर वल्लं होते, दिवसातून दोनदा! अन् पाठ काहून दाखोत नाही मी सांगतो. अवो, साऱ्या गावाच्या बैलाच्या कासऱ्यायले दाखोली ना पाठ? मंग डाक्टरीनबाईले दाखोयाले का धाड भरली?" आणि तिनं पुढं होऊन नवऱ्याचा सदरा खस्सकन वर केला.

उकंड्यानं टॉवेलाखाली डोळे आणखी घट्ट मिटले. आता बाई हात जोडणार. आता म्हणणार, बजरंगबली! पाच वर्षांचा शब्द मोडला, आता सगळं गेलं.

बाईंनी हात जोडले नाहीत. त्यांची बोटं झुपक्यावर आली, सरळ, चार हातांवरून नाही. बाजूला सारून खालचं हाड चाचपलं. मग त्यांनी टॉवेल सोडला आणि समोर येऊन बसल्या.

"हे जन्मापासून आहे?"

"हो."

"आणि दोन ठिकाणी जाऊन तुम्ही हे लपवलंत? अहो, सगळं उत्तर इथंच होतं!"

मग त्यांनी सांगितलं. आईच्या पोटात पाठीचे मणके दोन बाजूंनी येऊन मिटतात, आत मज्जारज्जूला झाकून घेतात. याचे खालचे मिटले नव्हते. वर केस उगवले ती त्याचीच खूण. आत तो रज्जू खाली चिकटून बसला असणार. अंग वाढतं, तो वाढत्या अंगाबरोबर मोकळा वर सरकायला हवा, पण सरकू शकत नाही.

उकंडा तोंड उघडं टाकून ऐकत होता. बाईंनी जरा विचार केला. "बैल पाळता का?"

"पाटलाचे पाह्यले हाय."

"वासरू असताना आखूड कासऱ्यानं खुंट्याला बांधलं, आणि कासरा कधी बदललाच नाही. वासराचा बैल झाला. मग?"

"मान ताणते. फास बसते."

"तेच. लहानपणी पाय थोडा छोटा राहिला, बाकी निभलं. पण तुम्ही वर्षानुवर्षं चालताय, वाकताय, ओझं उचलताय. दर वेळी ओढ बसते. ती साचत साचत आता पायाला भोवली."

उकंड्यानं सदरा खाली ओढून नीट केला. मग त्यानं विचारलं, "म्हंजे बाई, हा कोप नाही?"

"कसला कोप?"

"धर्म बदलला म्हनून."

रजनीबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "हे झालं तेव्हा तुम्ही आईच्या पोटात होतात, उकंडाजी. तेव्हा कोणता धर्म सोडला होतात?"

उकंडा हसला. आधी बारीक, मग एवढ्या मोठ्यानं की बाहेरचे रोगी आत डोकावले. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि तुळसाबाईनं तोच टॉवेल पुढं केला.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन करावं लागणार होतं. बाईंनी काही लपवलं नाही. आतली गाठ सोडवता येईल, पाय आणखी बिघडणं थांबेल, कळ जाईल. गेलेलं सगळं परत येईल असं नाही. आणि काम नाजूक आहे, उलटं झालं तर दोन्ही पाय जातील.  घरी आल्यावर तुळसाबाई म्हणाली, "आधी नागपूरले जाऊन वाईट झालं का काई? झालं नाही ना? मंग चाला."

श्रावण सरता सरता तो नागपुरात पोटावर पडून होता. ऑपरेशनच्या सकाळी वॉर्डबॉयनं वस्तरा घेऊन झुपका साफ उतरवला. पस्तीस वर्षांचं शेपूट दोन मिनिटांत जमिनीवर आलं. उकंडा मान वळवून म्हणाला, "भाऊ, फेकू नोको. पुडीत बांधून दे."

"कायले?"

"गावात एक जन वाट पाहून राह्यला."

महिनाभर तो पालथा होता. मग बसला, मग उभा राहिला, मग काठी घेऊन चालला. कमरेतली कळ गेली होती. धोतराची भानगड मिटली. तळव्याची जखम भरली. पाय थोडा ओढायचा, बाहेरच्या अंगानं मुकाच राहिला. रजनीबाईंनी सांगितलं म्हणून त्यानं नाडीचे कापडी बूट घेतले, आणि रोज सकाळ-संध्याकाळ तळवा आरशात बघायची शिस्त लावून घेतली. आरसा तुळसाबाईचा. ती म्हणायची, "माह्यं तोंड पाह्याचं राह्यते, अन् तुमी पायाले पाहून राह्यले!"

दिवाळीनंतर चौथ्या दिवशी नरहररावांसमोर उकंडा पिशवी लावून निघाला. सात गावं. काठी टेकत, बसत, उठत, पण सूर्य मावळायच्या आत शेवटचं कार्ड पोचलं. फकिरा सारी वाट मागून चालत होता, लपतछपत, पडला तर उचलायला. शेवटच्या गावाला उकंडा वळून म्हणाला, "ये ना समोर, पाह्य कोप चालून राह्यला." नदीकडे बघणारी घरं त्यानंतर नदीकडे पाणी भरायलाच गेली.

आणि माघ आला.

पाटील पुऱ्याच्या वेशीवर येऊन उभे. "उकंड्या! ते केस तू आनले म्हनते?"

"आनले ना. पन पाटील, आधी आयका. ते देवाचं नाही. ते बिमारीची खून हाय. डाक्टरीनबाईनं सांगतलं, त्याच्या खालीच माह्या पाय बांधलेला होता."

"डाक्टरीन काईबी म्हनन. देतं का?"

"देतो ना. घरात ठेवले हाय. या, बसा, चा घ्या, घेऊन जा."

पाटील आले तसे परत गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, वेशीवरच घुटमळले, फकिऱ्याच्या हाती पाठव म्हणाले. "चा फकिऱ्याच्या हाती कसा पाठवू?" उकंडा म्हणाला. पटाला दोन दिवस उरले. मग पटाच्या आदल्या दिवशी टळटळीत दुपारी, सारा पुरा दारात उभा असताना, मारोतराव पाटील खाली मान घालून उकंड्याच्या घरात शिरले. साठ वर्षांत पहिल्यांदा. तुळसाबाईनं गुळाचा चहा कपबशीत दिला. कप तोच, ज्यातून उकंडा प्यायचा. पाटलानं डोळे मिटले आणि औषधासारखा घटाघटा ओढला. रुखमाबाई कोपऱ्यात बसून बघत होती, तिनं पदर तोंडात घातला होता.

उकंड्यानं पुडी दिली. अगदी खरी, नागपूरच्या वर्तमानपत्रात बांधलेली.

पाटलानं केसांचे दोन भाग करून ते दोन्ही कासऱ्यांत गुंफले. पटावर माणूस मावत नव्हता. जोडी सुटली, आणि खोटं नाही सांगत, निम्म्यापर्यंत पुढं होती. मग मोत्याला काय झालं कोण जाणे, डाव्या अंगाला फरफटला, चाकोरी सोडली आणि चांद्याला घेऊन सरळ कडब्याच्या गंजीत घुसला. तिथं दोघं शांतपणे खायला लागले.

दुसऱ्या सकाळी उकंडा दारात बसून बुटाची नाडी बांधत होता, तेवढ्यात पाटील आले. या खेपेला वेशीवर थांबायचं रागात विसरले आणि थेट अंगणात.

"फसोलं बे तू मले! खोटे केस देल्ले! बकरीचे होते का कुत्र्याचे?"

उकंड्यानं नाडीची गाठ नीट मारली. मग वर पाहिलं.

"खरेच होते, पाटील. शप्पत घेतो. म्हनून त हरले. अवो, त्या शेपटानं पस्तीस वर्सं माह्या पाय बांधून ठेवला, मले लंगडा केला. तुमी तेच नेऊन बैलाले बांधलं. मंग बैल काय पळन? कोनत्या पायानं लंगडला?"

"डाव्या," पाटील बोलून गेले.

पुऱ्यात कोणीतरी खुदकन हसलं. पाटलाची मिशी थरथरली. ते काहीतरी जबर बोलणार म्हणून सगळे श्वास रोखून उभे. पण पाटील उभ्याचे खाली बसले, उकंड्याच्या ओट्यावर. त्यांच्या तोंडातून आधी एक विचित्र आवाज आला, आणि मग कळलं की ते हसताहेत. खांदे हलेपर्यंत हसले. डोळे पुसले. 

"त्या दिवशीचा चा," ते अंगणाकडे बघत म्हणाले, "मले चवच नाही समजली त्याची. डोये मिटले होते." मग जरा थांबून, "हाय का आखीन?"

उकंड्यानं आत तुळसाबाईला हाक दिली.  आतून कपबशीचा आवाज आला. त्यानं पिशवीत हात घालून पाटलाचं घाटंजीचं कार्ड काढलं आणि ओट्यावर ठेवायला वाकला.

पाटलानं मधेच हात पुढं केला. "दे अठी."

कार्ड हातातून हातात गेलं. "वाचलं असनच तू," पाटील म्हणाले.

"मावशी बरी हाय," उकंडा म्हणाला, आणि काठी घेऊन निघाला.